शिवणाच्या क्लासला जाते म्हणून

बिरवाडीच्या त्या चाळीत भिंती इतक्या पातळ होत्या, की शेजारच्या खोलीत मिरचीची फोडणी पडली की शिंका आम्हाला यायच्या. मी कुडपणहून खाली आले ती थेट त्या शिंकांमध्येच. कुडपण म्हणजे पोलादपूरच्या वरचं, डोंगरमाथ्यावरचं गाव. तिथे सकाळी जाग यायची ती वाऱ्यानं किंवा गोठ्यातल्या घंटांनी. बिरवाडीत जागं करायचा कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की चाळीतल्या साऱ्या खोल्यांचे स्टो एकदम फुरफुरायला लागायचे, नळावर बादल्या आपटायच्या, आणि या सगळ्याच्या वरच्या पट्टीत माझी आत्या बोलायला लागायची. ती झोपेपर्यंत थांबायची नाही. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी आले तेव्हा तिच्याजवळ पुष्कळ वर्षांचं साठलेलं आईपण होतं आणि ते तिनं माझ्यावर एकदमच सोडलं. नाचणीची भाकरी माझ्या ताटात पडायची ती दोन्ही बाजूंनी तूप लावून. वालाचं बिरडं असेल तर मधला दाट भाग माझा. आणि घरी यायला थोडा उशीर झाला तर चाळीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी असायची तीही तीच.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, कारखान्यात पाळीवर होते. घरात त्यांना बोलायला जागाच नव्हती. ते जेवताना "हं" म्हणायचे आणि जेवण झाल्यावर "बरं" म्हणायचे. पण पंचक्रोशीत कुठेही कबड्डीचे सामने असले की माईकवर आतोबाच लागत. तिथे त्यांच्या तोंडून असे काही शब्द बाहेर पडत, की हा माणूस आपल्याच घरी राहतो यावर माझा विश्वास बसत नसे. "वाघासारखी झेप", "पोलादी पकड", "डोळ्यांचं पारणं फिटलं मंडळी" हे सगळं ते घरात कुठे ठेवायचे कोण जाणे.

मला खाली पाठवताना वडिलांनी एकच अट घातली होती. महाडच्या कॉलेजात बारावीपर्यंत शिकायचं, पण खालून तक्रार आली तर दप्तर घेऊन वर यायचं. वर आल्यावर काय, तेही ठरलेलं होतं. मुंबईत कंपनीत कामाला असलेला एक मुलगा त्यांच्या मनात होता. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या मोटरसायकलचं वर्णन मला तोंडपाठ झालं होतं. त्यामुळे तक्रार येणार नाही याची मी फार काळजी घ्यायची. म्हणजे मी तक्रार येण्यासारखं काही करायची नाही असं नव्हे. ती वडिलांपर्यंत पोचणार नाही, एवढं बघायची.

कॉलेजात आम्हाला समाजसेवेचा तास असायचा. मॅडम मनानं फार चांगल्या होत्या. एक दिवस त्यांनी आम्हा मुलींना नदीकाठच्या झोपडपट्टीत न्यायचं ठरवलं. महाडात तेव्हा त्या वस्तीला नाव नव्हतं. लोक नुसतं "तिकडे" म्हणायचे आणि हनुवटीनं नदीची दिशा दाखवायचे. रेती काढायला, दगड फोडायला, कारखान्यांच्या बांधकामावर आलेली माणसं तिथे राहायची. काही विजापूरकडची, काही विदर्भातली, काही आमच्याच डोंगरातून उतरलेली. आम्ही साबणाच्या वड्यांची पिशवी घेतली होती आणि हात धुण्यावर एक भाषण पाठ केलं होतं. निघताना मॅडमनी बजावलं, की तिथल्या लोकांना कमीपणा वाटेल असं कुणी वागू नका. कमीपणा कुणाच्या वाट्याला येणार आहे याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

वस्तीच्या पलीकडे, नदीच्या रेताड तुकड्यावर, पोरी कबड्डी खेळत होत्या. मधोमध एक बाई उभी होती. ओढणी कमरेला आवळून बांधलेली, गळ्यात शिट्टी, पायात काही नाही. ती शहनाज आपा. मॅडम पुढे होऊन म्हणाल्या, "आम्ही स्वच्छतेची माहिती द्यायला आलोय."

"द्या की," शहनाज आपा म्हणाली. "पण डाव मोडून बसवल्या तर या ऐकायच्या नाय. एक काम करा. तुमच्या पोरी एकेक पाठवा चढाईला. जी हात लावून परत येईल तिचं भाषण आमी सगळ्या गप बसून ऐकू."

मॅडमना ही कल्पना फारच आवडली. सहभाग, सहभाग म्हणत त्यांनी आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी पुढे केली. ती "कबड्डी" हा शब्द दुसऱ्यांदा म्हणायच्या आत रेतीत आडवी झाली. दुसरी गेली, तिची वेणी तेवढी वर दिसत राहिली. तिसरी मध्यरेषेवरूनच परत फिरली. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणी कुडपणच्या पठारावर वांड बैलांमागे धावलेली. शिंग अंगावर आलं की कुठल्या बाजूला कलायचं हे माझ्या पायांना डोक्याच्या आधी कळायचं. मी आत गेले, एकीच्या खांद्याला हात लावला, डावीकडून एक दणकट पोरगी आली तशी कललेही, पण तिनं ओढणीचं टोक धरलं. ओढणी तिच्याकडे राहिली, मी रेषेपलीकडे येऊन पडले. अर्धी रेती माझ्या तोंडात गेली होती.

ठरल्याप्रमाणे सगळ्या पोरी ओळीनं मांडी घालून बसल्या. केसांत, नाकात, दातांत रेती असलेल्या अवस्थेत मी त्यांना स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं. त्यांनी कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. त्या देवळात बसल्यासारख्या ऐकत होत्या. भाषण संपल्यावर ओढणी धरणाऱ्या त्या दणकट पोरीनं, रेणुकानं, हात वर केला आणि फार अदबीनं म्हणाली, "ताई, तुमच्या कानात रेती हाय." साबण त्यांनी ठेवून घेतला, पण पहिली वडी फोडली ती आम्हाला नदीवर नेऊन धुण्यासाठी.

निघताना शहनाज आपानं मला थांबवलं. "कुठची गो तू?"

"कुडपणची."

"तरीच. उद्या ये."

"उद्या कॉलेज आहे."

"मग सुटल्यावर ये. मी काय कॉलेज बुडव म्हणत नाय."

मी घरी जाऊन आत्याला सांगितलं, की कॉलेज सुटल्यावर महाडात शिवणाचा क्लास सुरू झालाय आणि तो फुकट आहे. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला अक्कल आली म्हणून तिनं त्या दिवशी सुकटीची चटणी केली.

शहनाज आपाबद्दल इथे सांगायला हवं. ती झोपडपट्टीतली नव्हतीच. महाडातल्या चांगल्या घरातली होती. वडिलांचे ट्रक होते, नवरा मस्कतला, आणि त्यानं पाठवलेल्या पैशांतून बांधलेल्या घरात एवढ्या गुळगुळीत फरशा होत्या, की आम्ही पोरी तिथे गेलो की घसरायचा खेळ खेळायचो. शाळेत असताना ती कबड्डी खेळायची. लग्नानंतर ते थांबलं. ती सांगायची, "घरकामाला बाई बघायला म्हणून वस्तीत गेली, न् आख्खा संघ घेऊन परत आली. घर अजून तसंच मीच झाडते." तिचं शिकवणंही वेगळंच होतं. सरावात "कबड्डी कबड्डी" म्हणायला बंदी. चढाई करायची ती पाढे म्हणत, एका दमात. रेणुका एकोणतीसचा पाढा म्हणत अंगावर यायची तेव्हा अर्ध्या पोरी त्या पाढ्यालाच घाबरून मागे सरकायच्या. ज्या पोरी शाळेतून नाव काढून घरी बसल्या होत्या, त्या आपाच्या मागे लागून पुन्हा शाळेत गेल्या. कारण पुढचे पाढे आल्याशिवाय चढाई मिळायची नाही. मी पुढे बरीच वर्षं शाळेत खेळाची शिक्षिका होते. प्रशिक्षणाच्या पुष्कळ तासांना बसले, पण यापेक्षा बरी युक्ती मला कुणी सांगितली नाही.

तर, खोट्याला एक वाईट खोड असते, त्याला रोज खायला घालावं लागतं. महिनाभरानं आत्या म्हणाली, "एवढं शिकतेस, तर माझा एक ब्लाऊज शीव." मी कापड घेऊन वस्तीत गेले आणि तोंड पाडून बसले. रेणुकाची आई पिशव्या शिवायची, तिच्या मशीनवर रेणुकाचा हात चांगला बसला होता. तिनं मापाचा जुना ब्लाऊज उलटासुलटा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी नवा शिवून दिला. तो आत्याला असा काही बसला, की ती तो घालून चाळीतल्या सगळ्या दारांत उभी राहिली. झालं. चाळीतल्या बायकांचे खण माझ्या पिशवीत पडायला लागले. बिरवाडीत मी नामांकित शिंपीण झाले आणि मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. त्या मजुरीवर रेणुकानं स्वतःला खेळायचे बूट घेतले. त्यामुळे तिची या प्रकाराला काहीच हरकत नव्हती. एकदा समोरच्या काकूंनी त्यांचं मशीन दारात आणून ठेवलं आणि "जरा एवढी शिवण मार बघू" म्हणाल्या. मी बोट कापल्याचं सांगून आठवडाभर चिंधी बांधून फिरले. कोणतं बोट ते रोज लक्षात ठेवताना माझी फार तारांबळ व्हायची.

अडचण वेगळीच आली. शहनाज आपाचा एक नियम होता. घरच्यांनी होकार दिल्याशिवाय ती कुणाला सामन्यात उतरवायची नाही. "चोरून आलेली पोर एक दिवस कळतं न् कायमची जाते," ती म्हणायची. "मला तशी नको." मी पुष्कळ टाळलं. शेवटी एका रविवारी ती स्कूटर घेऊन आमच्या चाळीत हजर झाली.

"या, या," आत्या दारातच म्हणाली. "शिवणाच्या बाई ना तुमी?"

शहनाज आपानं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याच्या मागे हात जोडून उभी होते, आणि एका बोटाला चिंधी होती. आपानं चपला दारात काढल्या. मग आत येऊन बसली. "मी शहनाज. वनिता माझ्याकडं शिकायला येते."

आत्यानं चहा टाकला, घावन घातले. "कशी हाय आमची पोर? लक्ष देते का?"

"पायात जोर हाय तिच्या. असे पाय मी बघितले नाय."

"बघ," आत्या मला म्हणाली, "मशीनला पायच लागतो. आणि हात?"

"हात लांब जातो. पण घाई करते. मी सांगते, आधी अंदाज घे, मग हात घाल."

"अगदी बरोबर बोललात. भाजी चिरताना पण तशीच. धीर म्हणून नाय."

"दम टिकवायला पायजे. बाकी सगळं हाय." आपानं घावनाचा तुकडा मोडला. "मी विचारायला आलेय. उद्या चार लोकांसमोर उतरवायची वेळ आली, तर तुमची ना नाय ना?"

"प्रदर्शन का? उतरवा की. चार लोकांनी बघितलेलं बरंच."

"थोडं लागेल, खरचटेल."

"सुई टोचल्याशिवाय कुणाला आलंय?" आत्या म्हणाली.

मी पोचवायला खाली गेले तेव्हा आपा स्कूटरवर बसून कितीतरी वेळ हसत होती. मग एकदम गंभीर झाली. "होकार घेतला. पण तो खरा नाय, हे तुलाबी कळतंय न् मलाबी. सामन्याच्या आधी तू तुझ्या तोंडानं सांगायचं." मी हो म्हटलं. रोज सांगायचं ठरवत होते, आणि रोज आत्या ताटात काहीतरी इतकं चांगलं वाढायची, की तोंड भरलेलं असायचं. शेवटी सामन्याच्या दिवशी आपानं "सांगितलंस?" विचारलं, तेव्हा मी नुसती मान हलवली.

आम्हाला सामन्यात घ्यायला कुणी तयार नव्हतं. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, संघ कोणत्या गावाचा? आणि झोपडपट्टी म्हटलं की जागा भरल्या. घेतलं ते फक्त बिरवाडीनं. तिथे मांडवातल्या माणसानं विचारलं, "गाव?" शहनाज आपा पापणी न हलवता म्हणाली, "रेतीवाडी, तालुका महाड." असं गाव कुठेच नव्हतं. तिनं ते त्या क्षणी वसवलं. आमच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. रेणुका माझ्या कानात म्हणाली, "ही रेतीवाडी आपली हाय?"

आणि माईकवर होते आतोबा. त्या दिवशी त्यांची पाळी असेल असं मी धरून चालले होते.

ते मांडवात बसले होते, समोर पाण्याचा तांब्या. मी मैदानात उतरले आणि आमची नजरानजर झाली. त्यांचं वाक्य मध्येच तुटलं. कर्णे वडाच्या फांद्यांवर बांधलेले होते. त्यातला एक थेट आमच्या चाळीच्या दिशेनं होता, आणि चाळीत आत्या या वेळी भाकऱ्या थापत असणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला वाटलं, संपलं. पुढच्या एस्टीनं वर. आतोबांनी तांब्यातलं पाणी प्यायलं, घसा साफ केला आणि बोलायला लागले, "आणि आता चढाईला येतेय रेतीवाडीची... रेतीवाडीची पाहुणी." त्यानंतर सबंध सामनाभर मी पाहुणी होते. पाहुणीची झेप, पाहुणीची चलाखी, पाहुणीनं केली कमाल मंडळी. आणि रेतीवाडी हा शब्द त्यांनी इतक्या वेळा, इतक्या प्रेमानं उच्चारला, की प्रेक्षकांतले म्हातारे एकमेकांना त्या गावाची वाट सांगायला लागले. आज महाडात रिक्षावाल्याला रेतीवाडी म्हटलं की तो मुकाट्यानं नेऊन सोडतो.

शेवटची चढाई माझी होती, आणि गुण सारखे होते. आपा रेषेबाहेर उभी राहून एवढंच म्हणाली, "आधी अंदाज घे." मी आत गेले, कोपऱ्यातल्या मुलीला पायानं स्पर्श केला आणि वळले तोच दोघींनी माझा घोटा धरला. मी पडले. दम चालू होता. मध्यरेषा हाताच्या अंतरावर होती आणि माझ्या पाठीवर आणखी कुणीतरी येऊन पडलं. पठारावर बैलांमागे, कळशी घेऊन चढावर, कुठेही मी अंग एवढं ताणलं नव्हतं. बोटाचं एक टोक रेषेपलीकडे टेकलं आणि शिट्टी वाजली. आणि सगळ्या बिरवाडीला ऐकू गेलं, "आली, आली, आमची वनी आली. अरे, आमच्या वनीनं सामना मारला."

मग कर्ण्यांतून नुसती खरखर ऐकू येत राहिली. नंतर तांब्यातून पाणी प्यायल्याचा आवाज.

आत्या पोचली तेव्हा आमचा पुढचा सामना सुरू व्हायचा होता. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, मागे चाळीतल्या बायका. ती माझ्याकडे आली नाही, सरळ मांडवात गेली.

"कोण आमची वनी?"

हे सगळ्या गावानं ऐकलं, कारण माईक अजून आतोबांच्या हातातच होता. "अगो, माईक चालू हाय," ते म्हणाले, तेही सगळ्यांनी ऐकलं.

"असू दे चालू. मला सांगा, तुमाला कधीपासून ठाऊक?"

"आत्ताच. शपथ."

आत्या वळली. शहनाज आपा तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती. "तुमी मला शिवणाच्या बाई म्हणून फसवलंत," आत्या म्हणाली.

"मी कधी म्हटलं? आठवून बघा."

आत्या आठवायला लागली. पाय. हात. दम. चार लोकांसमोर. एकेक वाक्य तिच्या चेहऱ्यावरून जाताना दिसत होतं. सुईपर्यंत आल्यावर तिची मान खाली गेली.

"पण शब्द खरे असले तरी ते बरोबर नव्हतं," शहनाज आपा हळू आवाजात म्हणाली. "म्हणून आता पुन्हा विचारते. खेळवू का तिला? नाय म्हटलंत तर आत्ता तुमच्याबरोबर पाठवते. आमी एक कमी खेळू."

आत्या माझ्या सोललेल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझा ब्लाऊज कुणी शिवला?" रेणुकानं बूट लपवत हात वर केला. आत्यानं तिला जवळ बोलावलं, पिठाच्या हातानं तिची हनुवटी वर केली. "काखेत जरा सैल ठेवत जा," ती म्हणाली, आणि दोरीच्या आत, अगदी पुढे, मांडी घालून बसली. "खेळवा. पण समोरच्या संघातल्या त्या दांडग्या पोरीला सांगा, माझ्या पोरीचा पाय धरायचा नाय." तो खेळ पाय धरण्याचाच आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. पुढचा सामना आम्ही सपशेल हरलो. आत्या शेवटपर्यंत पंचाशी भांडत होती.

वडील त्याच आठवड्यात उतरले. खांद्यावर नाचणीचं पोतं, आणि मुंबईचे लोक बघायला येणार असल्याचा निरोप. आत्यानं मला आत ढकललं आणि त्यांच्यासमोर ताट मांडलं. मी पडद्याआडून ऐकत होते. माझ्या त्या आत्यानं, जिच्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं, इतकं जपून बोलायला सुरुवात केली, की मी चाटच पडले. पोर गुणी हाय. चांगल्या बाईच्या हाताखाली हाय. कॉलेज एक दिवस बुडवत नाय. एवढ्यात लग्नाची घाई नको, बारावी होऊ दे, पुढचंही बघू. खाली काय तक्रार नाय. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आतोबा "हं" म्हणाले.

वडील मान खाली घालून जेवत होते. कुळथाचं पिठलं त्यांनी भाकरीनं पुसून घेतलं, हात धुतला, आणि मग पंच्याला पुसत म्हणाले, "मुंबईवाल्यांना थांबा म्हणून सांगतो. पण आक्का, यापुढं भांडायचं झालं तर आधी माईक बंद करायला सांगत जा. पोलादपूरच्या स्टँडवर मी उतरलो तर कंडक्टर मला विचारत होता, पाहुणीचे वडील तुमीच का म्हणून."

आत्यानं आणखी एक भाकरी आणली, दोन्ही बाजूंनी तूप लावून, आणि त्यांचा हात धुऊन झाला होता तरी त्यांच्या ताटात वाढली.